टेंभुर्णी: रोप नको, ताजं बीच टोकून लावा

मृग तोंडावर आला आहे. तेंदूपानाचा, म्हणजे टेंभुर्णीच्या बिडीच्या पानाचा, हंगाम आटोपत आला आणि रानात टेंभुर्ण्या पिवळ्या होऊन खाली गळू लागल्या आहेत. ज्यांच्याकडे मुरमाड टेकाड, पडीक तुकडा किंवा रुंद बांध आहे, त्यांनी येत्या पंधरवड्यात पिकलेली फळं गोळा करून त्यांचं बी तिथेच टोकावं. हे बी पुढच्या वर्षासाठी डब्यात जपून ठेवण्यासारखं नाही. काही महिन्यांतच त्याची उगवण घसरते.

फळ कुस्करून गर धुऊन टाका. आत चपटं, लांबट, तपकिरी आणि चकचकीत बी निघेल. पाण्यात टाकल्यावर तरंगणारं बी बाजूला काढा. बाकीचं दिवसभर सावलीत सुकवा, उन्हात नको. जागेवर फूटभर खोल माती मोकळी करून घ्या आणि पहिला चांगला पाऊस झाला की एका ठिकाणी दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोका. फळझाड म्हणून वाढवायचं असेल तर विरळणीनंतर झाडांत वीस फुटांचं अंतर राहील असा बेत ठेवा. पाणी साचणारी जागा टाळा.

पिशवीत रोप तयार करून मग लावू का, असं बरेच जण विचारतात. शक्यतो नको, असंच मी सांगेन. टेंभुर्णीचं रोप पहिल्या वर्षी वर वीतभरसुद्धा दिसत नाही, पण तेवढ्यात सोटमूळ खाली त्याच्या कितीतरी पट गेलेलं असतं. पिशवीच्या तळाशी ते वेटोळं घेतं, लागवडीत तुटतं आणि रोप खुरटतं. रोपच हवं असेल तर उंच, अरुंद पिशवी घ्या आणि मूळ तळाशी पोहोचायच्या आत लावून टाका.

उगवण सावकाश होते, धीर धरा. कोंब आधी कमानीसारखा वाकून मातीबाहेर येतो आणि टोकाला बियांचं टरफल अडकलेलं असतं. ते सोडवायला हात लावू नका, नाहीतर कोंबच मोडेल. वरची माती कडक झाली असेल तर काडीने हलकेच मोकळी करा. पहिली दोन वर्षं भोवतीचं गवत काढत राहा. मोठ्या झाडाच्या पानाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, पण कोवळं रोप खुरांखाली जातं, म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण करा.

फळासाठी लावणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. टेंभुर्णीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराला फुलं झुबक्याने येतात, मादीला बहुधा एकेकटी. बियांपासून आलेलं रोप नर की मादी, हे फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणून लागवड दाट करा, पुढे विरळणी करता येते. सगळे नर मात्र काढू नका, मादीला फळ धरायला नर जवळ हवाच.

तुमच्या बांधावर फळणारं झाड आधीच असेल तर आणखी सोपी वाट आहे. या झाडाच्या मुळांना जखम झाली की तिथून फुटवे येतात. नांगराचा फाळ लागलेल्या जागी हे तुम्ही पाहिलंच असेल. पावसाळ्याच्या तोंडावर खोडापासून दूर एक उथळ चर घेऊन बारीक मुळं कापा, फुटवे निघतील. मादी झाडाच्या मुळावरचा फुटवा मादीच असतो, आणि बियांच्या रोपापेक्षा तो लवकर जोर धरतो.

काळ्या लाकडाच्या आशेने मात्र लावू नका. टेंभुर्णी आबनुसाच्याच कुळातली, त्याच डायोस्पायरस प्रजातीतली. पण तिचं काळं काळीज, म्हणजे खोडाच्या गाभ्यातलं लाकूड, लहान, वेडंवाकडं आणि म्हाताऱ्या झाडातच मिळतं. आबनूस म्हणून ओळखला जाणारा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला डायोस्पायरस एबेनम हा वेगळा वृक्ष, आणि तोही फारच सावकाश वाढतो. टेंभुर्णीचं बाहेरचं गुलाबीसर लाकूड चिवट असतं, अवजारांच्या दांड्यांना आणि कावडीला ते उत्तम. लाकडाचा विचार घरच्या वापरापुरताच ठेवा.

पानासाठी झुडपं राखणाऱ्यांनी खुटकटाई, म्हणजे झुडपं जमिनीलगत छाटणं, आता करू नये. तिची वेळ फेब्रुवारी-मार्च. नवी पालवी काढणीला यायला साधारण दीड महिना लागतो, त्यावर बेत बसवा. पालवी लवकर फुटावी म्हणून आग लावतात, ती अजिबात नको. तिने बी आणि लहान रोपं दोन्ही जातात आणि आग शेजारच्या रानात पसरते. पानांवर फोडासारख्या गाठी दिसत असतील तर त्या ट्रायोझा या बारीक किडीच्या आहेत. अशी पानं बिडीला चालत नाहीत. छाटणीत निघालेली गाठाळ पानं झुडपाखाली न टाकता खड्ड्यात पुरून टाका.