अंधारात नेपथ्य बदलताना
इंदूरच्या गणेशोत्सवात प्रथमच एकांकिका बसवणाऱ्यांनी आधी दिशा पक्क्या कराव्यात: प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाची उजवी बाजू तीच रंगमंचाची उजवी, हे पडदा ओढणाऱ्यालाही ठाऊक असावे. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे बंद असताना, टेबल हलवणाऱ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून तालमीतच टेबलाच्या प्रत्येक पायाची जागा अंधारात चमकणाऱ्या चिकटपट्टीच्या लहान तुकड्याने दाखवावी, मात्र ही पट्टी आधी पुरेशा उजेडात राहिली तरच चमकते. कपबशी, पत्र, चष्मा अशी हातातली सामग्री विंगेतल्या, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातल्या, टेबलावर, कागदावर आखलेल्या चौकटींत ठेवावी, म्हणजे एखादी चौकट रिकामी दिसताच उणीव कळते. प्रयोग सुरू झाल्यावर रंगमंच व्यवस्थापकाचाच शब्द चालतो, त्यामुळे या कामासाठी, माझ्या मते, मंडळातील सर्वांत शांत व्यक्ती निवडावी.