हाडांच्या अभ्यासाला येताय? आधी गोठ्यात जा

उत्खननात निघालेल्या जनावरांच्या हाडांवर काम करायचं तर विज्ञान शाखाच लागते, अशा समजुतीने आपल्याकडची बरीच मुलं मागे फिरतात. मी धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यातला, इतिहासात बी.ए. केलेला. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. केलं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातल्या) वसाहतीतली हाडं पी. के. थॉमस यांनी अभ्यासली, ती याच संस्थेत. पण या विषयाची पहिली ओळख घरच्या गोठ्यात झाली होती, हे मला तिथे गेल्यावर उमगलं.

झालं असं. सरावाच्या ट्रेमध्ये सातवाहनकालीन थरातलं बैलाच्या खुराच्या वरचं बोटाचं हाड होतं. सांध्याची कड गुळगुळीत असायला हवी, तिथे हाड वाढून ओठासारखं बाहेर आलेलं. बोट फिरवलं की खडबडीत लागायचं. मला एकदम आमचा वानेरा आठवला, काळ्या तोंडाचा देवणी बैल. म्हातारपणी तो पुढचा पाय जपून टाकायचा. वर्षानुवर्षं ओझं ओढलं की सांध्यावर ताण येतो आणि कडेला असं हाड वाढतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तान्तात लिहिलंय की, पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा. त्या गाड्या कुणी ओढल्या असतील, हे मला त्या हाडाने पहिल्यांदा जाणवून दिलं. तरी नोंद करताना मी ‘ओढकामाचा बैल’ लिहिलं नाही. वयाने आणि वजनानेही अशी वाढ होते. एका हाडावरून एवढं बोलता येत नाही. तशी बरीच हाडं हवीत, सोबत दातांवरून काढलेलं वय हवं.

सगळ्यात जास्त घाम फुटतो तो शेळी आणि मेंढी वेगळी करताना. शिंगाचा गाभा किंवा पायाच्या नळीचं खालचं टोक मिळालं तर जमतं. शेळीची पुढची नळी आखूड आणि रुंद असते. बरगडीचा तुकडा असेल तर सरळ ‘शेळी/मेंढी’ लिहायचं. न ओळखलेल्या तुकड्यांची रास मोठी झाली म्हणून कुणी रागवत नाही. अंदाजाने भरलेलं रजिस्टर मात्र पुढच्या माणसाचं सगळं गणित बिघडवतं.

माझ्या हातून एक नुकसान झालं, ते सांगतोच. मातीचा पापुद्रा निघेना म्हणून मी तारेच्या ब्रशने हाड घासलं. त्यावर बारीक रेघा उमटल्या, आणि सुरीने मांस सोडवल्याच्या जुन्या खुणा कोणत्या हे कायमचं कळेनासं झालं. मऊ ब्रश, थोडं पाणी, सावलीत वाळवणं, एवढंच करा.

काळ्या रानात खोदत असाल तर उन्हाळ्यातल्या भेगा आठवा. हात जाईल एवढ्या भेगेतून आजच्या कोंबडीचं हाडही खालच्या थरात उतरू शकतं. म्हणून हाड कुठल्या थरात, भेगेजवळ की भेगेपासून लांब, हे पिशवीवर त्याच दिवशी लिहायचं.

नोकऱ्यांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. जागा थोड्या आहेत, बहुतेकांना पीएच.डी.पर्यंत जावं लागतं. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, त्याची तयारी एम.ए.पासूनच ठेवा.

तोवर घरी सुरुवात करता येते. खाटकाकडून उस्मानाबादी शेळीचे चारही पाय आणि मुंडी मागून घ्या. नर की मादी, वय किती, हे तिथेच विचारा. वय माहीत असलेला सांगाडा फार मोलाचा. मंद आचेवर शिजवा, ब्लीच घालू नका. डावा-उजवा पाय वेगळ्या जाळीच्या पिशवीत ठेवा, नाहीतर बोटांची हाडं मिसळतात. आमचा वानेरा गेला तेव्हा आबांनी त्याला बांधाला पुरला. त्याचे पाय अभ्यासाला मागायला मला धीर होत नव्हता. आबाच म्हणाले, “पुरायच्या आधी बांध की जाळ्या.” दोन पावसाळ्यांनी आम्ही दोघांनी मिळून उकरलं. पुढच्या उजव्या पायाच्या बोटाच्या हाडाला तसाच ओठ होता.