आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचाय? मग सिल्वासापासून निघा

एलएल.एम.च्या पहिल्या सत्रात मी एक सेमिनार पेपर लिहिला आणि त्यात ठणकावून सांगितलं, की दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत जिंकला. पेपर परत आला तेव्हा त्या वाक्याखाली तांबड्या शाईत दोनच शब्द होते: कुठल्या पानावर? मला पान सांगता येईना. निकालपत्र मी उघडलंच नव्हतं, सगळा मजकूर दोन गाईडांमधून उचललेला.

तेव्हापासून या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी हाच खटला आधी वाचायला देते. निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. आणि मराठी माणसाला त्यात अर्ध्या गोष्टी ओळखीच्या निघतात.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली (मुख्य ठिकाण सिल्वासा) पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपण ऐकलेलं असतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं कळवलं आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. आठ दिवसांत! म्हणणं असं, की आमच्या दमणहून या मुलखात जायला भारताच्या हद्दीतून वाट मिळणं हा आमचा हक्क आहे.

१२ एप्रिल १९६० चा निकाल वाचताना मतांचे आकडे वहीत उतरवून घ्या. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता: ८ विरुद्ध ७. वाट अडवून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही: ९ विरुद्ध ६. आता सांगा, कोण जिंकलं? लिस्बनलाही आपलाच जय दाखवता येत होता आणि दिल्लीलाही.

मला खरी गंमत वाटली ती १७७९ च्या पुण्याच्या तहाची. पोर्तुगाल म्हणत होता, पेशव्यांनी ही गावं सार्वभौमत्वासकट दिली. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ पाहिले आणि ठरवलं, की बारा हजार रुपये वसुलाची गावं नेमून देणं म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे नुसता वसूल घ्यायचा हक्क. राज्य नव्हे. वर्गातली बाकीची मुलं सरंजाम शब्दावर अडली होती. मी वतन, इनाम, सरंजाम यांतले फरक आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण इथे उपरे नाही. पुढच्याच रविवारपासून मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागले.

पण लगेच छाती फुगवू नका. थोडं पुढे न्यायालय म्हणतं, की मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांचं सार्वभौमत्व वागणुकीतून मानलं आणि पुढे भारतानेही ते मुकाट चालू दिलं. कागद तुमचा, पण सव्वाशे वर्षांची वहिवाट दुसऱ्याची. तालुक्याच्या कोर्टात हे आपण रोज पाहतो. केवळ दोन देशांमध्येही स्थानिक प्रथा रुजू शकते, हे तत्त्व आज जगभर शिकवलं जातं ते याच खटल्यावरून.

भिन्नमतं, म्हणजे निकालाशी असहमत न्यायाधीशांनी वेगळी लिहिलेली मतं, गाळू नका, मी गाळली होती. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किंताना यांनी लिहिलंय, की भक्कम पुराव्याशिवाय पोर्तुगालचं म्हणणं उचलून धरणं म्हणजे वसाहतवाद टिकवणं, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला धरून नाही. भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे एम. सी. छागला. कोण कुठून आलाय याचा आणि त्याला कायदा कसा दिसतो याचा काहीतरी संबंध असतो, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा या पानांनी शिकवलं. मात्र त्यावरून सरळ गणित मांडू नये. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत मतदान झालं तेव्हा श्रीलंका (तेव्हाचं सिलोन), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) भारताच्या बाजूने उभे राहिले, पण चिली आणि इक्वेडोर विरुद्ध गेले. भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं हा ठराव ७ विरुद्ध ४ असा पुढे होता, सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. हे मी वर्गात अभिमानाने सांगितलं, तर नेपाळची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "मोठा शेजारी सैन्य घेऊन निघाला की कारण चांगलं असलं तरी आम्ही आधी नकाशा बघतो." मला आजही याला नीट उत्तर देता येत नाही.

याला जोडून सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा मोंतेरो निकाल वाचा. गोव्यातल्या एका धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं आणि देश सोडायचा हुकूम आल्यावर ताब्यात घेतलेल्या मुलखातल्या लोकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा कराराचा आधार मागितला. तो मिळाला नाही. मुक्ती, ताबा आणि सामिलीकरण या तीन शब्दांत किती अंतर आहे ते इथे कळतं.

पोटापाण्याचं थोडक्यात. परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदा व करार विभागात जागा मोजक्या. माझ्या ओळखीचे बहुतेक जण नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन शिकवतात किंवा लवादाची कामं करतात. दिल्लीतल्या साऊथ एशियन युनिव्हर्सिटीत एलएल.एम. आहे, इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉची पदविकाही. मूट (अभिरूप न्यायालयाच्या) स्पर्धा जरूर करा, पण तिथलं फाडफाड इंग्रजी ऐकून खचू नका. मी पहिल्या फेरीत बाद झाले होते.

प्रबंधाला विषय शोधताय? १९५४ ते १९६१ दादरा-नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. मग ११ ऑगस्ट १९६१ ला के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं, नेहरूंबरोबर करारावर सही व्हावी म्हणून, आणि दहाव्या घटनादुरुस्तीने तो मुलूख भारतात आला. ती सात वर्षं तिथे नेमकं कुणाचं राज्य होतं? माझ्या वहीत हा प्रश्न कधीचा पडून आहे. कुणी घेणार असेल तर खुशाल घ्या, फक्त मोडी आधी शिका.