भुईआवळ्याने यकृत वाचले का, हे उंदरांवर कसे तपासावे

पाऊस स्थिरावला की फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत बांधोबांध भुईआवळा उगवतो, आणि काविळीवर तो देण्याची जुनी रीत असल्यामुळे गोव्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी हीच वनस्पती चटकन सुचते. उंदरांना आधी अर्क द्यायचा, मग पॅरासिटामॉलची मोठी मात्रा द्यायची आणि रक्तातील एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात उतरणारे विकर, म्हणजे एन्झाइम) कमी आले की वनस्पतीला यकृतरक्षक म्हणायचे, असा आराखडा पुष्कळ प्रबंधांत आढळतो. माझ्या मते तो अपुरा आहे.

पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग ग्लुकुरोनिक आम्ल व सल्फेट यांच्याशी जोडला जाऊन निरुपद्रवी रूपात बाहेर पडतो. थोडा भाग मात्र यकृतातील सायटोक्रोम २ई१ या विकरामुळे एनएपीक्यूआय नावाच्या अतिक्रियाशील पदार्थात बदलतो. पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला निकामी करते, पण मात्रा मोठी असली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो, तो पदार्थ मायटोकॉन्ड्रियातील प्रथिनांना चिकटतो आणि यकृताच्या सूक्ष्म खंडिकांमधील मध्यशिरेभोवतीच्या पेशी मरतात. अर्काने हे विकरच अडवले, तर विष तयार होत नाही आणि एसजीपीटी आपोआप कमी येते. तिथे यकृताला बळ मिळालेले नसते, त्याला मारच बसलेला नसतो. अर्क विरघळवण्यासाठी वापरलेले डीएमएसओसुद्धा असाच भास निर्माण करते, म्हणून केवळ द्रावक आणि पॅरासिटामॉल दिलेला गट ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सुरुवात झाडाच्या ओळखीपासून करावी. फायलँथस अमारस, फ्रॅटर्नस आणि युरिनॅरिया या जाती दिसायला इतक्या जवळच्या आहेत की वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून वाळवलेला नमुना जपून ठेवणे आवश्यक ठरते. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी प्रयोगापूर्वीच घ्यावी. मोठ्या उंदरांपेक्षा, म्हणजे रॅटपेक्षा, लहान उंदीर, म्हणजे माऊस, निवडावा. रॅट या विषाला फारशी दाद देत नाही. रात्रभर उपाशी ठेवल्याने ग्लुटाथायोन घटते, तेव्हा उपासाचे तास सर्व गटांत सारखे असावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. पॅरासिटामॉल दिल्यानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास, अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन वेगळ्या लहान गटांतील यकृताचे ग्लुटाथायोन मोजावे. दोन्हींत ते सारखेच घसरले, तर विष तयार झाले होते असे मानता येते; अर्काच्या गटात ते घसरलेच नाही, तर विष तयार होण्यातच अडथळा आल्याचा संशय धरावा. शिवाय एका गटाला अर्क पॅरासिटामॉलनंतर एक-दीड तासाने द्यावा, कारण रुग्णही गोळ्या गिळून झाल्यावरच दवाखान्यात येतो. तुलनेसाठी मला सिलिमारिन या वनस्पतिजन्य यकृतरक्षकापेक्षा एन-ॲसिटिलसिस्टीन योग्य वाटते. माणसांत पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर तेच दिले जाते.

एसजीपीटी साधारण २४ तासांनी पाहावे. एसजीओटी या दुसऱ्या विकरावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, कारण रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी ते वाढते. यकृताचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून, कोणती काचपट्टी कोणत्या गटाची हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावेत आणि मध्यशिरेभोवतीचा मृत भाग शेकडेवारीत नोंदवावा.