मेळघाट कसा पाहावा: मुक्कामापासून मचाणापर्यंत

मेळघाटात वाघ आहेत, पण ते ताडोबासारखे सहजासहजी रस्त्यावर भेटत नाहीत. कारण तिथल्या जमिनीतच आहे. ताडोबा बराचसा सपाट, तलावांचा. मेळघाट म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग: एकामागून एक डोंगर, खोल दऱ्या आणि त्यांतून वाट काढत तापीकडे निघालेल्या सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्या. रस्ता दरीतून वळत जातो आणि पुढच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. वाघाला लपायला याहून चांगली जागा कुठली?

म्हणून एका सफारीचं बुकिंग करून, सकाळी आत शिरून दुपारी घरी निघणाऱ्यांच्या हाती इथे फारसं काही लागत नाही. मेळघाटासाठी आखणीच वेगळी करावी लागते. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली जी पहिली नऊ जंगलं निवडली, त्यांत महाराष्ट्रातलं हे एकमेव होतं. गाभा म्हणजे आतलं राखीव जंगल आणि बफर म्हणजे त्याभोवतालचा पट्टा, दोन्ही मिळून पावणेतीन हजार चौरस किलोमीटरचं हे रान वेळ मागतं, आणि वेळ दिलात तर भरभरून देतं.

आधी ऋतू ठरवा

तारीख नंतर, ऋतू आधी. काय पाहायचं आहे यावर तो ठरतो.

हिरवाई, धुकं आणि धबधबे हवे असतील तर पावसाळा. मात्र तेव्हा गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात, म्हणून मुक्काम चिखलदऱ्यात ठेवा. पक्षी आणि निवांतपणा हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत सेमाडोहच्या खोऱ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते, विदर्भातल्या उन्हाच्या गप्पा ऐकून आलेले लोक तिथे कुडकुडतात. आणि मोठे प्राणी दिसावेत अशी इच्छा असेल तर मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. मेळघाट हे सागाचं जंगल. उन्हाळ्यात साग पूर्ण निष्पर्ण होतो, उतारावर दूरवर नजर जाते आणि पाणी मोजक्या डोहांत उरल्याने जनावरं तिथे येतातच.

मला विचाराल तर मार्चचा शेवट. मोह फुललेला असतो, पळस संपत आलेला असतो, ऊन अजून सोसवतं आणि मोहाच्या फुलांसाठी अस्वलं बाहेर पडलेली असतात.

मुक्काम कुठे करायचा

कमीत कमी दोन रात्री राहा, आणि दोन्ही जंगलातच. डोंगराच्या पायथ्याच्या परतवाड्यात राहून रोज ये-जा करण्यात सकाळचा सगळ्यात मोलाचा वेळ घाटात जातो.

सेमाडोहला वनविभागाचं पर्यटन संकुल आहे. गटाने, विद्यार्थ्यांना घेऊन किंवा कमी खर्चात जायचं असेल तर ते बरं. तिथलं निसर्ग निर्वचन केंद्र, म्हणजे जंगलाची ओळख करून देणारं दालन, पहिल्याच दिवशी पाहून घ्या, पुढच्या दोन दिवसांत काय बघतो आहोत ते कळायला मदत होते. तिथून पुढे कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर, उंचावर आहे. खोल्या थोड्या, म्हणून बुकिंग लवकर संपतं. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर चिखलदरा सोयीचं, कारण तिथे हॉटेलं, दवाखाना, बाजार सगळं आहे. अकोला-अकोटकडून येणाऱ्यांना नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचं शहानूर जवळ पडतं.

बुकिंग

खोल्या आणि सफारी दोन्हींचं आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. ज्या ओळखपत्राचा क्रमांक भराल तेच मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावं लागतं, प्रत्येक प्रवाशाचं. शुल्क आणि सफारीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे ओळखीच्या कुणी मागच्या वर्षी सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका. सलग सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. आडवारी रस्त्यावर गाड्या कमी असतात आणि गाईडही घाईत नसतो.

पोहोचायचं कसं

मुंबईहून अमरावतीला रात्रीची थेट गाडी आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या इतर गाड्यांनी आलात तर बडनेऱ्याला उतरा. अमरावतीहून परतवाड्याला एसटी वारंवार सुटते. परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह, तिथून पुढे कोलकास, हरिसाल, धारणी असा रस्ता आहे.

परतवाड्यात तीन गोष्टी उरकून घ्या: गाडीची टाकी भरा, रोख पैसे काढा, औषधं घ्या. पुढे मोबाईलला रेंज मिळेल न मिळेल, आणि रेंज नाही म्हणजे ऑनलाईन पैसेही नाहीत. बुकिंगची पावती कागदावर छापून जवळ ठेवा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. घाट वळणावळणाचा आहे आणि संध्याकाळनंतर रस्ता रानगव्यांचा असतो. वळणावर समोर हजार किलोचा गवा उभा राहिला तर गाडी थांबवून दिवे मंद करावेत आणि तो जाईपर्यंत वाट पाहावी. हॉर्न वाजवू नये.

सामान

खाकी, मातकट किंवा मळकट हिरवे कपडे, थंडीत उघड्या जिप्सीसाठी जाड जॅकेट आणि कानटोपी, टोपी, पाण्याची बाटली, टॉर्च. अत्तर नको. कॅमेरा असो-नसो, दुर्बीण मात्र हवीच. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते. माणशी एक असेल तर उत्तम, कारण पक्षी दिसतो दोन क्षण आणि दुर्बीण दुसऱ्याच्या हातात असते.

काडेपेटी, विडी-सिगारेट आत नेऊ नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. सागाची वाळलेली पानं तेव्हा जमिनीवर थराने साचलेली असतात, आणि एका ठिणगीने एकरच्या एकर रान, त्यातली घरटी आणि पिल्लं यांच्यासकट जळून जातं. वणवा विझवायला वनरक्षक आणि गावातले मजूर हातात झाडाच्या फांद्या घेऊन डोंगर चढतात. हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की सूचनाफलकाची गरज उरत नाही.

सफारीत काय करायचं

पहिल्या पाच मिनिटांतच गाईडला सांगा: वाघामागे धावायचं नाही, सावकाश चला, पक्षी-झाडं-ठसे सगळं दाखवा. या एका वाक्याने सफारी बदलते. बहुतेक गाईड आसपासच्या गावांतले, अनेकजण कोरकू. पर्यटक फक्त वाघ विचारतात म्हणून ते वाघाबद्दल बोलतात. त्यांना झाडांबद्दल विचारा. हळदू, धावडा, सालई, तिवस, मोई, बेहडा, टेंभुर्णी, चारोळी यांतलं कुठलं कशासाठी वापरतात, कुठल्या झाडावर मधमाश्या बसतात, हे ते घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगतात.

दर थोड्या वेळाने गाडी बंद करायला सांगा. पाणवठ्याजवळ किंवा नाल्याच्या वळणावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन बंद करून गप्प बसणं ही मेळघाटातली सगळ्यात फळणारी युक्ती आहे. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त काम करतात. वाघ-बिबट्या चालू लागला की बाकीची जनावरं धोक्याची हाक देतात, त्यालाच गाईड ‘कॉल’ म्हणतात. चितळ लवकर बिचकतं, त्यामुळे त्याच्या एखाद्या हाकेवरून फार अंदाज बांधू नका. वानर झाडाच्या शेंड्यावरून बघतं, त्याचा खाकरल्यासारखा आवाज एकाच दिशेला तोंड करून सतत येत असेल तर लक्ष द्या. आणि सांबराचा खणखणीत ‘पोंक’ पुन्हापुन्हा आला, तर जवळपास शिकारी जनावर असण्याची शक्यता बरीच. आवाज कुठून कुठे सरकतो आहे ते ऐका. त्यावरून न दिसलेल्या वाघाची चाल कळते.

रस्त्याची धूळही वाचा. मांजरकुळातल्या ठशांत नखं उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या आणि तडसाच्या ठशांत उमटतात. झाडाच्या बुंध्यावर उभे खोल ओरखडे वरपर्यंत गेलेले दिसले तर मधासाठी अस्वल चढलं असणार.

वाटेत मोकळी गवताळ मैदानं लागली तर गाईडला त्यांची नावं विचारा. बोरी, कोहा, कुंड ही तिथली गावं या शतकाच्या सुरुवातीला अकोट भागात हलवली गेली. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवत वाढलंय, आणि त्या गवतावर सांबर, गवे चरायला येतात. जंगलाला मोकळी जागा मिळाली त्यामागे कुणीतरी आपलं गाव सोडलेलं आहे. तिथे थांबताना हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी सांगितलं.

गाडीतून खाली उतरू नका, पाणवठ्याजवळ तर मुळीच नाही. वाघापेक्षाही अस्वलाशी अचानक गाठ पडणं जास्त घातक ठरतं, कारण ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं.

एक सकाळ रानपिंगळ्यासाठी

दुसऱ्या दिवशीची सकाळ एका पक्ष्यासाठी राखून ठेवा. रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केली. काँग्रेसच्या स्थापनेतले म्हणून आपण ओळखतो तेच हे ह्यूम. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा पुरावा मिळेना आणि ते नामशेष झालं असंच धरलं जाऊ लागलं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. एकशे तेरा वर्षांनी, आणि आपल्या खानदेशात! पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं आढळलं.

रानपिंगळा दिवसा वावरतो, म्हणून त्याला शोधणं शक्य आहे. सूर्य वर आल्यावर विरळ सागाच्या रानात, निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसलेला बघा. गावाजवळ नेहमी दिसणारा ठिपकेवाला पिंगळा आणि हा यांत गल्लत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. याच्या शेपटीवर ठळक पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो आणि बसल्याबसल्या तो शेपटी झटकतो. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून तो शिकार आणि घरटं सोडून धावत येतो, आणि जगात ज्याची संख्या इतकी कमी आहे त्या पक्ष्याला असं दमवण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

गावांतून जाताना

कोरकू गावं ओळखू येतात: मधून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. विचारल्याशिवाय घरांचे, बायकामुलांचे फोटो काढू नका. मुलांना गाडीतून चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांशी बोला. खरी मदत म्हणजे गावातच जेवण सांगा, मध-चारोळी गावातूनच घ्या आणि घासाघीस करू नका.

होळीच्या दिवसांत गेलात तर सुटे पैसे जवळ ठेवा. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. ढोल-बासरीवर नाचत मंडळी रस्त्यावर गाडी अडवून फगवा मागतात. चिडू नका, फगवा द्या आणि दोन मिनिटं नाच बघा.

चिखलदरा आणि किल्ले

चिखलदऱ्याला अर्धा दिवस पुरे. भीमकुंड पाहा, गवळ्यांकडची रबडी खा आणि उरलेला वेळ गाविलगड किल्ल्याला द्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला. अकोटकडून परतणार असाल तर नरनाळा चुकवू नका. महाकाली दरवाजावरचं कोरीव काम आणि नऊगजी तोफ दोन्ही बघण्यासारखी. हा किल्ला अभयारण्यात आहे, त्यामुळे शहानूरच्या नाक्यावर नोंद करूनच वर जाता येतं आणि संध्याकाळपूर्वी उतरावं लागतं.

मचाणावरची रात्र

बुद्ध पौर्णिमेला वनविभाग ‘निसर्गानुभव’ नावाने मचाणावर बसण्याची संधी देतो. पाणवठ्याकाठी मचाण, बरोबर एक गाईड, दुपारी चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. जागा मर्यादित आणि मागणी प्रचंड, त्यामुळे एप्रिलपासूनच संकेतस्थळावर लक्ष ठेवा. कोरडं जेवण, पुरेसं पाणी आणि पातळ चादर न्या. खुसखुसणारी प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, डबा कापडात बांधा. खोकला असेल तर नाव मागे घ्या आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू द्या. मचाणावर बसल्यावर आपल्याकडच्या कागदावर वेळ, प्राणी, नर-मादी, पिल्लं अशी नोंद करत राहा आणि सकाळी तो कागद वनरक्षकाकडे द्या.