रेस कारसाठी बंद ट्रेलर: आधी वजन, मग लांबी

हिवाळा सरत आला की ट्रॅकवरच्या ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "बंद ट्रेलर घ्यायचाय, वीस फुटी घेऊ की चोवीस?" मी उलट विचारते, "ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचलास का?" खरेदीची सुरुवात तिथून होते. ट्रेलरच्या दुकानातून नाही.

मी न्यू जर्सीत राहते, स्पेक मियाटा (रेससाठी तयार केलेली माझदाची छोटी दोन सीटची गाडी) चालवते आणि ती मिलव्हिल, लाइम रॉक, वॉटकिन्स ग्लेन या ट्रॅकवर स्वतः ओढत नेते. पुढचं सगळं अशा छोट्या गाडीसाठी आणि अर्ध्या टनाच्या, म्हणजे एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० या वर्गातल्या पिकअपसाठी आहे. तुमच्याकडे कॅमेरो किंवा मस्टँग असेल तर आकडे वाढतील, हिशोबाची रीत तीच राहील.

जाहिरातीत लिहिलेलं असतं की हा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो. ओढेलही. पण ट्रेलरचा पुढचा भाग हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, जो भार टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रकने स्वतःवर वाहायच्या वजनातून, वजा होतो. स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून १,५५० पौंड लिहिलेत असं धरा. हिचच्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) जोडायच्या ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. आता चोवीस फुटी ट्रेलर घ्या: रिकामा ३,९०० पौंड, मियाटा २,२५०, जादा टायर, जॅक, हत्यारं, तंबू असं ९५०. झाले ७,१००. त्याचे १२ टक्के म्हणजे साधारण ८५०. त्यात हिचचं लोखंड ९०, दोन माणसं ३५० आणि ट्रकच्या मागच्या हौद्यातलं सामान २०० मिळवा. १,४९० झाले. वाघ्याला सोबत न्यायचं ठरलं (आमचा कुत्रा, ७० पौंड), तर मर्यादा ओलांडलीच.

म्हणून माझं मत ठाम आहे. मियाटा जेमतेम तेरा फूट लांब असते, तिला वीस फुटी ट्रेलर पुरतो. चोवीस फुटी हवाच असेल तर पाऊण टनाच्या ट्रकची तयारी ठेवा. लांबीसोबत उंचीही बघा. बऱ्याच ट्रकांच्या टोइंग पुस्तिकेत हवेला आडव्या येणाऱ्या क्षेत्रफळाचीही मर्यादा असते, कित्येकदा ६० चौरस फुटांच्या आसपास. साडेआठ फूट रुंद आणि सात फूट उंच पेटी तिथे पोचतेच. आत ताठ उभं राहता येतं म्हणून जास्त उंच पेटी घेतली, तर पेन्सिल्व्हेनियाच्या चढावर समोरून वारा लागला की पेट्रोलच्या काट्यावर ते दिसतं.

एक्सल मात्र कंजूषी न करता घ्या. ३,५०० पौंडांचे दोन एक्सल म्हणजे ७,००० पौंडांचा ट्रेलर, आणि वरच्या हिशोबात तो पहिल्याच दिवशी भरून वाहतोय. ५,२०० पौंडांचे दोन घ्या, दोन्ही एक्सलना इलेक्ट्रिक ब्रेक असलेले. विक्रेता सांगेल, "सगळे पस्तीसशेच घेतात." ऐकू नका. ट्रेलरखाली वाका आणि जमिनीचे आडवे बार मोजा. दोन बारांमध्ये १६ इंच अंतर हवं, २४ नको, कारण गाडीचं वजन चार छोट्या जागांवर उतरतं. डी-रिंग (गाडी बांधायच्या कड्या) नुसत्या प्लायवुडला आवळलेल्या आहेत की खालच्या चौकटीला बोल्टने जोडल्यात, तेही तेव्हाच बघून घ्या.

डाव्या बाजूला मोठी एस्केप डोअर हवीच. आत गाडी नेल्यावर ड्रायव्हरचं दार ट्रेलरच्या चाकाच्या कव्हरला अडतं, आणि रोल केज (आतला लोखंडी सुरक्षा पिंजरा) असलेल्या गाडीच्या खिडकीतून बाहेर पडणं ही शिक्षा असते. ट्रेलर घेण्याआधी स्वतःची गाडी आत घालून दार उघडून बघा. गाडीचं नाक जमिनीला चिकटलेलं असेल तर मागचा भाग उतरता असलेला ट्रेलर निवडा, नाहीतर रॅम्पखाली लाकडी फळ्या लावाव्या लागतात. कपाटं, दिवे, चकचकीत फरशी नंतर बघता येतं.

आता हिच. कोल्हापूर-सांगलीकडे लहानपण गेलेल्यांनी उसाने ठासून भरलेली ट्रॉली चढाला लागल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली पाहिली असतील. ट्रकचं तेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही: मागचा एक्सल दबतो, पुढचा हलका होतो, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक मऊ पडतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या दोन दांड्या काही भार परत पुढच्या चाकांवर ढकलतात. हा हिच घ्याच, शक्यतो डोलणं रोखणारा. बॉल २ ५/१६ इंचाचा असतो. दोन इंची बॉलवरही ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून निघतो, म्हणून बॉलवर कोरलेला आकडा वाचा.

अंदाजावर राहू नका, वजन करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या पट्ट्यावर. सगळं भरून तीन वेळा करा: हिचच्या दांड्या लावून, दांड्या काढून, आणि ट्रेलर सोडून नुसता ट्रक. तिसऱ्या वेळी माणसं आणि हौद्यातलं सामान तसंच राहू द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं टंग वेट. पहिल्या पावतीवर पुढच्या एक्सलचं वजन किती परत आलं ते दिसतं. टंग वेट कमी भरलं तर ट्रेलरमधली गाडी काही इंच पुढे घ्या, जास्त भरलं तर मागे. जागा जमली की चाकांपुढे ट्रेलरच्या जमिनीवर पट्टी मारून ठेवा, पुढच्या वेळी मोजायला नको.

गाडी बांधताना दोन इंची रॅचेट पट्टे, प्रत्येकी ३,३३३ पौंड कामाच्या भाराचे, चार कोपऱ्यांना चार. मी ते खालच्या सस्पेन्शन आर्मला बांधते. गाडीच्या बॉडीला बांधले तर गाडी स्प्रिंगवर हलते आणि पट्टे ढिले पडतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची. रेसनंतर ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला चिकटतात. पेट्रोलचे कॅन बंद पेटीत नाही, ट्रकच्या उघड्या हौद्यात.

निघण्याआधी सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नाही तर ट्रकला वेगळी, आणि तिची बॅटरी चार्ज असलेली. ट्रेलरला एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायरच लागतात, त्यांच्या बाजूवर छापलेला दाब थंड असताना भरा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२२१ म्हणजे २०२१चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत दिसो, बदला. पहिल्या पंचवीस मैलांवर थांबून पट्टे आणि चाकांचे नट पुन्हा आवळा.

रस्त्यावर मी ताशी ६०-६२ मैलांवर राहते. उतार सुरू होण्याआधी टो-हॉल मोड (ट्रकचा ओढण्यासाठीचा गिअर मोड) लावून गिअर खाली घ्या, ब्रेक तापवत उतरू नका. मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर डोलू लागला, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) हाताने दाबायचा खटका हळूहळू दाबा म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागून ताणला जाईल. ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. थांबल्यावर पुढचा प्रश्न एकच: टंग वेट किती आहे?

लाइम रॉकला जाताना फोनमधल्या नकाशावर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला मनाई आहे आणि तिथले पूल बुटके आहेत. आय-८४ धरून रूट २२ वर उत्तरेला वळा. ट्रेलरची बाहेरची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकवरच्या गाड्या लावायच्या आवारात) ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा. ज्या बाजूला हात नेला, त्याच बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. रात्री हॉटेलवर थांबलात तर मागचं दार भिंतीला लागेल असा लावा, कपलरला कुलूप घाला. आणि विमा कंपनीला आधीच लेखी विचारून घ्या. ओढताना दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुधा ट्रकच्या पॉलिसीत येतं, पण ट्रेलर आणि आतली रेस कार चोरीला गेली तर ते वेगळं घ्यावं लागतं.