टायर रिम सोडत नसेल तर दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड वापरा

घरी बाइकचा टायर बदलताना सगळं अडतं ते एकाच जागी, टायरची कड रिमला चिकटून बसते, मग वर नाचा नाहीतर हातोडी घाला, काही हलत नाही. मशीनची गरज नाही.

१. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा.
२. चाक एका जुन्या टायरवर आडवं ठेवा, म्हणजे ब्रेकची डिस्क घासत नाही.
३. दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी जवळ टेकवा आणि बाइक हळूहळू त्याच बाजूला कलती करा, कड खाली जाते, मग चाक थोडं फिरवून परत तेच, आणि उलटं करून दुसरी बाजू.
४. आता साबणाचं पाणी आणि लिव्हर, म्हणजे टायरची कड रिमवरून उचकटायच्या पट्ट्या (पुण्यात नाना पेठेत मिळतात, लांब दांड्याचे घ्या). लिव्हर घातलाय त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ठेवायची, खरी मेख हीच आहे, नाहीतर कितीही जोर लावा, टायर निघत नाही.

स्टँड रिमवर टेकवू नका, अलॉय असेल तर चीर जाऊ शकते. आणि बाइक धरायला सोसायटीतला कोणीतरी बोलवा, एकट्याने नको.